टिक, चाळे आणि न बोलणं: टूरेट आणि ऑटिझम ओळखण्यापासून सिव्हिलच्या कागदापर्यंत

सात-आठ वर्षांचा पोरगा एकाएकी डोळे मिचकावायला लागतो. घरचे म्हणतात, टीव्ही फार बघतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात, थेंब मिळतात. महिना-दोन महिन्यांत डोळे थांबतात आणि नाक ओढणं सुरू होतं, मग सर्दीचं औषध. पुढे मान झटकली जाते, घशातून 'हूं, हूं' आवाज येतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर बॅटरी लावून बघतात आणि घसा साफ असल्याचं सांगतात. तोवर वर्गात नक्कल सुरू झालेली असते आणि घरात दिवसभर एकच धोशा, 'नको करू ना रे तसं!'

दुसऱ्या घरात अडीच वर्षांचं लेकरू आहे. हाक मारली तर वळत नाही, दोन्ही हात फडफडवत पंख्याखाली गोल फिरतं, बोलणं नाहीच. आजी म्हणते, याचा मामाही उशिराच बोलला होता.

अशी घरं जळगावात, धुळ्यात, नंदुरबारात, कुठल्याही गल्लीत सापडतील. पहिल्या घरातली लक्षणं टूरेट सिंड्रोमकडे बोट दाखवतात, दुसऱ्यातली ऑटिझमकडे. दोन्ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहेत आणि दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लाडाने, माराने, आईच्या नोकरीने किंवा ग्रहणात काही कापल्याने यातलं काहीच होत नाही. घरच्यांनी करायचं काम मात्र दोन्हींत जवळजवळ उलटं आहे. टिक, म्हणजे आपोआप होणारी झटक्याची हालचाल किंवा आवाज, दिसली की आपण नजर काढून घ्यायची असते. ऑटिझम असलेल्या मुलाच्या मात्र जवळ जाऊन, तो जे करतोय त्यात शिरायचं असतं. उलट केलं तर दोन्हीकडे नुकसान. म्हणून नुसतं 'काहीतरी आहे' म्हणून भागत नाही, काय आहे ते नीट बघावं लागतं. शेवटचं निदान डॉक्टरच करतील, पण त्यांना लागणारी अर्धी माहिती तुमच्याच घरात आहे.

पाऊल १: आठ दिवस फक्त बघा

टूरेट किंवा ऑटिझम ठरवणारी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयमध्येही ते दिसत नाही. निदान होतं ते मुलाकडे बघून आणि आईवडिलांना विचारून. डॉक्टरांच्या खोलीत मूल पंधरा मिनिटं असतं. नवीन जागा, नवीन माणूस, त्यामुळे टिक असलेला मुलगा तिथे अनेकदा शांत बसतो आणि बापाची पंचाईत होते: 'डॉक्टर, घरी तर दिवसभर करतो हो!' मोबाइलवर काढलेला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ इथे कामाला येतो. मुलाला न कळता, लांबून काढा, चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा. आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तो डॉक्टरांसाठी आहे.

सोबत एक साधी वही ठेवा. नोंदी अशा असाव्यात:

'संध्याकाळी सात, गृहपाठ. उजवा खांदा वर, लगेच मान डावीकडे. मिनिटाला चार-पाच वेळा. कॅरम खेळायला बसला तर बंद. पाहुणे आले तर वाढलं. विचारलं तर म्हणाला, मानेत कसंतरी होतं, झटकलं की बरं वाटतं.'

'सकाळी नऊ. पंख्याकडे बघत हात फडफडवले, पाच मिनिटं. चेहरा खूश. हात धरला तर रडली. तीन हाका मारल्या, वळली नाही. केळी वेफर्सची पुडी दुसऱ्या खोलीत फोडली, धावत आली.'

ही वेफर्सची ओळ लाख मोलाची आहे. पुडीचा बारीक आवाज ऐकू येतो पण स्वतःच्या नावाला प्रतिसाद नाही, म्हणजे कान बहुधा शाबूत आहेत आणि अडचण दुसरीकडे आहे. तरीही कानांची तपासणी करायचीच, ते पुढे येईल.

'खूप चाळे करतो' असं लिहू नका. काय केलं, किती वेळ, आधी काय चाललं होतं आणि नंतर काय झालं, एवढंच लिहा.

पाऊल २: टिक आहे की स्वतःला शांत करणारा चाळा?

इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते, शिक्षकांची आणि कधीकधी डॉक्टरांचीही.

टिक अचानक येते आणि क्षणात संपते. बहुतेक वेळा चेहरा, मान, खांदे इथून सुरुवात होते. तिचं रूप बदलत राहतं: आज डोळे, दिवाळीनंतर नाक, उन्हाळ्यात पोटाला झटका. काही आठवडे कमी, काही आठवडे जास्त असा चढउतार असतो. साधारण पाच ते सात वर्षांच्या आसपास ती पहिल्यांदा दिसते. जरा मोठी मुलं सांगतात की टिक येण्याआधी त्या जागी खाज, ताण किंवा दाब जाणवतो आणि ती केली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. थोडा वेळ ती दाबून धरता येते. म्हणूनच लोकांना वाटतं, 'मुद्दाम करतो, सरांसमोर बरा गप्प बसतो!' शिंकही थोडी थांबवता येते, पण म्हणून ती कोणी मुद्दाम देत नाही. शाळेत दिवसभर दाबून धरलेली टिक घरी दप्तर टाकल्याबरोबर उसळून येते, ते यामुळेच.

ऑटिझममधले चाळे तिसऱ्या वर्षाच्या आधीच दिसू लागतात. हात फडफडवणं, पुढेमागे डोलणं, टाचा उचलून चालणं, गोल फिरणं. त्यांना लय असते, ते बराच वेळ चालतात आणि महिनोन्‌महिने तसेच राहतात. मुलाला त्यातून आनंद मिळतो किंवा गोंगाटात आधार मिळतो. टिक असलेल्याला विचारलं तर 'मला नको असतं, होतं' असं उत्तर मिळतं. फडफडवणाऱ्याला ते हवं असतं.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं दोन्हींत दिसू शकतं. आणि एकाच मुलात दोन्ही असणंही दुर्मीळ नाही, त्यामुळे वहीत दोन्हींच्या नोंदी झाल्या तर घाबरू नका. टूरेट असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, किंवा ओसीडी, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती, यांपैकी काहीतरी सोबत असतं. अनेकदा टिकपेक्षा तेच मुलाला जास्त छळतं. डॉक्टरांना त्याबद्दल आपणहून विचारा.

पाऊल ३: टूरेट म्हणजे नेमकं काय

पॅरिसच्या जॉर्ज झिल द ला टूरेट या डॉक्टरने १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्याचंच नाव पुढे या स्थितीला मिळालं. आजची व्याख्या मोजकी आहे. हालचालीच्या किमान दोन टिक आणि आवाजाची किमान एक, पहिली टिक दिसल्यापासून वर्षाहून जास्त काळ झालेला, आणि सुरुवात अठराच्या आत. हालचालीची आणि आवाजाची टिक एकाच वेळी असायला हवी असं नाही. वर्ष झालं नसेल तर डॉक्टर 'तात्पुरती टिक' म्हणतात. शाळकरी मुलांमध्ये ती बरीच दिसते आणि अनेकदा आपोआप जाते. म्हणजे दोन महिने डोळे मिचकावणाऱ्या मुलावर टूरेटचा शिक्का मारायची घाई नको.

मुलग्यांमध्ये टूरेटचं प्रमाण मुलींच्या तीन-चार पट असतं. दहा ते बारा वर्षांच्या सुमारास टिक सर्वांत जोरात असतात, म्हणजे नेमकं पाचवी ते सातवीत, शाळा बदलण्याच्या वयात. पुढे बहुतेकांच्या कमी होत जातात आणि काहींच्या जवळपास नाहीशा होतात. चौथीतल्या मुलाच्या बापाला ही एवढी माहिती मिळाली तरी तो जरा निवांत झोपतो.

तोंडातून शिव्या निघणं हेच टूरेट, असा समज सिनेमांनी पसरवला आहे. प्रत्यक्षात दहातल्या एखाद-दुसऱ्याच व्यक्तीत ते दिसतं. त्यामुळे 'आमचा शिव्या देत नाही, म्हणजे टूरेट नाही' हा हिशेब चुकीचा. आणि ज्याच्या तोंडून ते येतं त्याच्यावर 'कुठून शिकला?' म्हणून हात उगारणं हा निव्वळ अन्याय आहे.

पाऊल ४: ऑटिझमच्या खुणा वयाप्रमाणे

अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन केलं, तिथून ऑटिझमची आजची ओळख सुरू होते. २०१३ पासून ॲस्परगर वगैरे वेगळी नावं जाऊन सगळ्याला मिळून ऑटिझम स्पेक्ट्रम म्हणतात. त्यात अजिबात न बोलणारं मूलही येतं आणि रेल्वेचं अख्खं वेळापत्रक पाठ असलेला, पण मित्र कसे करायचे ते न कळणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थीही येतो.

आईवडिलांनी लक्ष ठेवायच्या खुणा: वर्ष झालं तरी बडबड नाही, नावाला वळत नाही. दीड वर्ष होत आलं तरी बोट दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, 'दूध दे', 'आई ये' असं काही. आणि कोणत्याही वयात, आलेले शब्द किंवा हसणं-खेळणं हरवलं, तर एक दिवसही थांबू नका.

बोट दाखवणं हे दिसतं त्यापेक्षा मोठं लक्षण आहे. सव्वा वर्षाचं मूल दारातून बैलगाडी बघतं, बोट करतं आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघतं, तूही बघितलंस ना? ते वळून बघणं ऑटिझममध्ये कमी असतं. पाणी हवं असेल तर ते मूल आईचं मनगट धरून तिला माठापर्यंत ओढत नेतं आणि तिचाच हात पेल्यावर ठेवतं, तिच्याकडे न बघता. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी चाक फिरवत बसणं, शाळेचा रस्ता बदलला तर आकांत, मिक्सर किंवा कुकरच्या शिट्टीला कान झाकणं, ठरावीक तीन-चारच पदार्थ खाणं, या बाकीच्या खुणा. यातली एखादी सुटी खूण कुठल्याही मुलात दिसेल. चार-पाच एकत्र आणि सतत दिसल्या तर दाखवा.

मुलींमध्ये हे बऱ्याचदा उशिरा लक्षात येतं. त्या इतरांचं बघून वागणं उचलतात, गप्प राहतात आणि गप्प मुलगी म्हणजे 'गुणाची' असं आपण म्हणतो.

आता थांबायला लावणारी वाक्यं. 'मुलगे उशिराच बोलतात.' थोडे उशिरा बोलतात, खरं आहे. पण नावाला न वळणं आणि बोट न दाखवणं त्यात बसत नाही. 'जिभेखालचा दोर कापा, बोलेल.' जीभ चिकटलेली असेल तर काही उच्चार अडतील, पण शब्दच न येण्याचं ते कारण नाही. 'मोबाइलमुळे झालं.' मोबाइलने ऑटिझम होत नाही. मात्र तो हातात असताना आपण मुलाशी बोलत नाही, म्हणून स्क्रीन कमी कराच, पण 'दोन महिने मोबाइल बंद करून बघू' म्हणत तपासणी पुढे ढकलू नका. 'लसीमुळे झालं.' तसा दावा करणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि नंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही.

पाऊल ५: हे दिसलं तर वही ठेवा बाजूला आणि लगेच डॉक्टरकडे

मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघतं, हाक ऐकत नाही, नंतर त्याला काही आठवत नाही: ही आकडी असू शकते. टिक असलेलं मूल टिक करतानाही शुद्धीवर असतं, उत्तर देतं. वर्षाच्या आतलं बाळ झोपेतून उठताना पुन्हापुन्हा वाकून झटके देत असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. घसा दुखून काही आठवडे-महिने झाल्यावर हातपाय आपोआप वळवळू लागले, हातातला पेला पडू लागला, अक्षर बिघडलं, तर तो संधिवाताच्या तापातून येणारा, कोरिया नावाचा हालचालींचा विकार असू शकतो आणि त्यात हृदयाची तपासणी लागते. आपल्याकडे हा आजार अजून दिसतो, म्हणून 'टिकच असेल' असं गृहीत धरू नका. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीत एका दिवसात मोठमोठ्या हालचाली आणि आवाज सुरू झाले तर तो टूरेटचा नेहमीचा रस्ता नव्हे. त्यामागे ताण असू शकतो आणि उपचारही वेगळे असतात.

पाऊल ६: जायचं कुठे

शून्य ते अठरा वयोगटासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यायचं असतं. ज्या दिवशी येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला आधीच सांगून ठेवा, 'माझ्या लेकराला नीट बघायला सांगा.' पथक पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतं. सिव्हिलमध्ये गेल्यावर 'डीईआयसी कुठे आहे?' असंच विचारा, केस पेपरच्या खिडकीवर हे नाव ओळखतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे बालरोग आणि मानसोपचार, दोन्ही विभागांत दाखवता येतं.

लहान मुलांच्या विकासाचे किंवा मज्जासंस्थेचे खास तज्ज्ञ जिल्ह्यात मिळाले नाहीत तर लोक नाशिक, पुणे, मुंबई गाठतात. नंदुरबारकडच्यांना सुरत जवळ पडतं, शिरपूरकडच्यांना इंदूर. एकदा निदान करून घ्यायला लांब गेलात तरी हरकत नाही. दर आठवड्याची थेरपी मात्र घराजवळच बघा. भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून दमलेलं लेकरू पाऊण तासाच्या सत्रात काय शिकणार?

पहिल्या भेटीत ऐकण्याची तपासणी मागा. लहान मुलांसाठी झोपेत करायची बेरा तपासणी असते. दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी आईवडिलांना विचारायचे वीस प्रश्न असतात, ती प्राथमिक चाळणी. भारतात तयार झालेल्या आयएसएए या मापनात चाळीस मुद्दे असतात. बेरीज सत्तरच्या खाली असेल तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. हा आकडा मुलाची बुद्धी मोजत नाही. टिकसाठी सरसकट स्कॅन किंवा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी, लागत नाही. सांगितला तर 'कशाची शंका आहे, डॉक्टर?' असं विचारायला लाजू नका.

गावापासून दवाखाना लांब असेल, रात्र असेल, जीव कासावीस झाला असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. सरकारी आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

भगताबद्दल. घरात म्हाताऱ्या माणसांची श्रद्धा असते, एक नारळ फोडला म्हणून कोणाचं वाकडं होत नाही, त्यावरून घर फोडू नका. पण धुरी, चटके, मार, उपाशी ठेवणं यातलं काहीही आलं तर तिथेच उठा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार महाराष्ट्रात गुन्हा आहे. इंग्रजी पाट्यांचे भगतही असतात. ऑटिझम 'बरा' करणारी स्टेम सेलची इंजेक्शनं हा मान्य उपचार नाही, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट मत दिलं आहे. त्यासाठी केळीचा बाग गहाण ठेवू नका.

पाऊल ७: टिक असलेल्या मुलाचं घर

पहिला नियम, टिकवर बोलायचं नाही. 'थांबव', 'बघ परत केलंस', 'आज छान, एकदाही नाही केलं', यातलं काहीच नाही. शाबासकीनेही लक्ष तिकडेच जातं. टिक चालू असताना त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या, जसं काही झालंच नाही. आजोबांना हे जड जातं. त्यांना बाजूला घेऊन सांगा, 'बाबा, तो करत नाही, त्याला होतं. तुम्ही बघितलं नाही तर लवकर कमी होईल.'

जागरण, परीक्षा, भांडण, ताप आणि आनंदाची उत्सुकतासुद्धा टिक वाढवते. मामाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी वाढली तर औषध संपलं का म्हणून धावू नका. क्रिकेट, तबला, चित्रं, मन गुंतेल असं काहीही रोज असू द्या.

टिकचा त्रास होत असेल, मान दुखत असेल, वर्गात बसणं अवघड झालं असेल तर उपचार घ्यायचे. पहिली पसंती वर्तन-प्रशिक्षणाला, साधारण आठ-दहा बैठका. त्यात मूल टिकच्या आधीची जाणीव पकडायला शिकतं आणि त्या क्षणी टिकला आडवी येणारी दुसरी हालचाल करतं. मान झटकणाऱ्याने हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताठ धरायचे. खांदा उडवणाऱ्याने कोपर अंगाशी दाबायचं. आवाज काढणाऱ्याने तोंड मिटून नाकाने संथ श्वास घ्यायचा. ओढ ओसरेपर्यंत, साधारण मिनिटभर. हे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून शिकावं. घरी आईने हातात घड्याळ घेऊन मागे लागलं की ते पुन्हा 'थांबव'च होतं.

औषधांमध्ये क्लोनिडीन, ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन वगैरे वापरतात. टिक कमी होतात, मुळातून जात नाहीत. झोप येणं, भूक आणि वजन वाढणं यावर लक्ष ठेवा. क्लोनिडीन मनाने एकदम बंद करू नका, रक्तदाब अचानक चढू शकतो.

पाऊल ८: ऑटिझम असलेल्या मुलाचं घर

निदानाचा कागद येण्याची वाट न बघता हे सुरू करता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

भाषेपासून सुरुवात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, काकांकडे हिंदी, म्हणून मूल गोंधळलं, तेव्हा 'एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी' असा सल्ला सर्रास मिळतो. एकाहून जास्त भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आईने ज्या भाषेत अंगाई म्हटली तीच बोलावी: अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी, जी असेल ती. तुटक इंग्रजीत 'कम, सिट, ईट' म्हणणारी आई दिवसभरात फार थोडं बोलते. 'दख, चिडी उडनी' म्हणणारी आई बोलतच राहते, हातवारे करते, हसते. लेकरू त्यातूनच उचलतं.

बोलायचं कसं? त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसा. तो चाक फिरवत असेल तर तुम्हीही दुसरं चाक फिरवा आणि 'गोऽल गोल' म्हणा, मग थांबा. पाच-दहा सेकंद खरोखर थांबा. त्याने बघितलं, आवाज काढला, हात पुढे केला, की लगेच पुन्हा फिरवा. हे बिनकामाचं वाटतं, पण आपली पाळी, त्याची पाळी इथूनच सुरू होते. वाक्यं छोटी, एका वेळी एक सूचना. 'काय हवं? बोल आधी, मग देईन' अशी अडवणूक नको. पेल्याचं, पोळीचं, झोक्याचं, संडासाचं चित्र किंवा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून खाली, त्याच्या हाताला लागेल असं लावा. चित्र दिलं की वस्तू लगेच मिळाली पाहिजे. चित्रांमुळे मूल बोलायचं थांबतं ही भीती उगाच आहे.

दिवसाचा क्रमही चित्रांत लावा. आपल्याकडे सणावारांना हा क्रम पार मोडतो आणि मुलाची दैना होते. कानबाईच्या रात्री घरात वीस माणसं, वाजंत्री, भाजलेल्या डाळ्यांचा वास, सगळं एकदम. दोन दिवस आधीपासून मागच्या वर्षीचे फोटो दाखवा, कोण येणार ते सांगा, आणि एक खोली किंवा नुसता कोपरा त्याच्यासाठी रिकामा ठेवा, तिथे कोणी लाडाने गाल ओढायला जायचं नाही. वरातीत डीजेपासून लांब, कानावर बसणारे जाड हेडफोन. सारंगखेड्याच्या यात्रेला न्यायचंच असेल तर सकाळी लवकर, अर्धा तास, गर्दी व्हायच्या आत परत. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका मात्र भरपूर द्या, बऱ्याच मुलांना त्या लयीने शांत वाटतं.

मूल आदळआपट करत असेल तर ती हट्टाची आहे की सोसवेना म्हणून आहे ते बघा. हट्टी मूल रडता रडता बोटांच्या फटीतून आपल्याकडे बघतं. सोसवेना झालेलं कोणाकडेच बघत नाही. दुसऱ्या प्रकारात समजावू नका, ओरडू नका. आवाज कमी, दिवा कमी, लोक बाहेर. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा काही मुलांना तहान लागलेली, ताप आलेला सांगता येत नाही, चिडचिड तेवढी दिसते. तासातासाला पाणी द्या. कपडे सैल, सुती, मानेचं लेबल कापून.

जेवणात तेच चार पदार्थ असतील तर त्यांच्याशेजारी ताटात नवीन पदार्थाचा एक घास ठेवा, खायला लावू नका. कळण्याच्या भाकरीचा तुकडा दोन आठवडे नुसता ताटात राहिला तरी चालेल. आधी बघणं, मग हात लावणं, मग वास. खाणं सगळ्यात शेवटी.

सुरक्षेबद्दल मात्र कडक राहा. यातली बरीच मुलं न सांगता निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. शेतात राहणाऱ्यांनी कठडा नसलेली विहीर, शेततळं, पाटचारी आधी झाकावी किंवा कुंपण करावं. दाराला वर, मोठ्यांच्या उंचीला कडी. शर्टाच्या आत शिवलेली पट्टी आणि तिच्यावर फोन नंबर. मूल हरवलं तर आधी विहीर आणि नाला बघा, मग रस्ता.

पाऊल ९: शाळा

वर्गशिक्षकांना जूनमध्येच भेटा, तक्रार यायच्या आधी. हातात अर्ध्या पानाची चिठ्ठी असू द्या. नमुना:

'सर, माझ्या मुलाला टूरेट आहे. मान झटकणं आणि घशाचा आवाज त्याच्या हातात नाही. कृपया त्याकडे दुर्लक्ष करावे. मागच्या किंवा कडेच्या बाकावर बसवावे. फार वाढल्यास पाच मिनिटं बाहेर पाणी प्यायला जाऊ द्यावे. मुलं नक्कल करत असल्यास तो गैरहजर असताना आपण त्यांना सांगितले तरी आमची हरकत नाही.'

ऑटिझम असेल तर चिठ्ठीत त्याला काय आवडतं, कशाने बिथरतो आणि संडासला जायचं असेल तर काय खूण करतो हे लिहा. समग्र शिक्षा अभियानातून तालुक्याला विशेष शिक्षक असतात, गटसाधन केंद्रात चौकशी करा. मुलाला दिव्यांगत्व आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ हवा असेल तर नववीतच कागद लावायला घ्या.

पाऊल १०: कागद

ऑटिझम २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये नावाने आहे. टूरेटचं नाव त्या यादीत नाही. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, आधार आणि फोटो जोडायचे आणि मग सिव्हिलच्या दिव्यांग मंडळापुढे मुलाला न्यायचं. मंडळाच्या दिवशी गर्दी असते, सोबत खाऊ, हेडफोन आणि ती वही घ्या. हे कार्ड देशभर चालतं, त्यामुळे कामासाठी गुजरातला जाणाऱ्या कुटुंबांनी ते आणि दवाखान्याची फाइल सोबतच ठेवावी, गावच्या घरात पेटीत नको.

राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात येतो. प्राप्तिकर भरणाऱ्या आईवडिलांना जुन्या कर पद्धतीत ७५ हजार, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते.

अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. मुलाला स्वतःचे व्यवहार सांभाळता येणार नसतील तर त्याच न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. बँकेत अडल्यावर धावण्यापेक्षा सतराव्या वर्षीच कागद गोळा करायला घ्या. टूरेटच्या मुलांना बहुतेक वेळा यातलं काही लागत नाही. डॉक्टरांचं निदानाचं पत्र, दर जूनला नव्या तारखेचं, शाळेसाठी आणि परीक्षा केंद्रासाठी जवळ ठेवा. झेरॉक्स दोन काढा, एक वर्गशिक्षकांकडे आणि एक मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची पोच घेऊन स्वतःकडे.